सिंगल पीस मिळणार नाही

मराठी माणसाला फुटायचं असलं की तो सुरतेला येतो. हे माझं म्हणणं नाही, इतिहासाचं आहे. 1907 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन खरं तर नागपूरला भरायचं होतं. पण नागपुरात टिळकांचा जोर, म्हणून नेमस्तांनी ते उचलून सुरतेला आणलं. मांडव पडला, रासबिहारी घोषांना अध्यक्ष करायचं ठरलं, टिळक व्यासपीठावर चढले, त्यांना कोणी बोलू देईना, आणि तेवढ्यात गर्दीतून एक जोडा आला. लाल कातड्याचा, मराठी वळणाचा. हेन्री नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता. त्याने त्या जोड्याबद्दल इतकं मन लावून लिहिलंय की अध्यक्षपदाला तोच उभा होता असं वाटावं. जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागला आणि तिथून टप्पा घेऊन फिरोजशहा मेहतांवर गेला. पुढे खुर्च्या, काठ्या, पोलीस. टिळक आणि गोखले एके काळी पुण्यात एकाच संस्थेचे आजीव सभासद, एकाच कॉलेजात शिकवणारे. सुरतेत दोन तट पडले ते 1916 च्या लखनौ अधिवेशनात जुळले, आणि तोवर गोखलेही नव्हते आणि मेहताही नव्हते.

मग 2022 चा जून. शिवसेनेचे आमदार मुंबईहून रातोरात निघाले ते कुठे उतरले? सुरतेला. गुवाहाटीची झाडी नि डोंगर नंतरचे.

दोन्ही वेळी पुढाकार पुरुषांचा. तरी आमच्या सोसायटीत दोघी जणी बोलेनाशा झाल्या की ओट्यावर बसलेले समस्त पुरुष माना हलवून म्हणणार, "बायकांचं काही पटत नाही बुवा." पटत नाही कसं? तुमचा अबोला नऊ वर्षं चालला आणि दोन माणसं गेल्यावर मिटला. आमच्या गल्लीतला सगळ्यात लांबलेला अबोला गौरी-गणपतीत सुरू झाला आणि संक्रांतीला संपला, तोही तिळगुळामुळे नव्हे. रिंगरोडवर साड्यांचा नवा माल उतरला होता आणि एकीला एकटीने घेता येत नव्हता. त्याबद्दल पुढे सांगते, कारण सुरतेतल्या मैत्रिणींचं सगळं अर्थशास्त्र त्यातच आहे.

आधी आम्ही कोण ते सांगायला हवं. सुरतेचा उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली, पांडेसरा हा पट्टा म्हणजे खान्देशचा चौथा जिल्हा. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि हा. भुसावळहून निघालेली गाडी अमळनेर, नंदुरबार करत उधन्याला येते आणि भुसावळची तापीही जमेल तशी वळणं घेत इथेच येते. मधे नवापूर स्टेशन लागतं, त्याचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. इथे महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, श्रावणात कानबाई देवी बसते, वांग्याचं भरीत होतं, आणि लिंबायतच्या आमदार 2012 पासून संगीता पाटील आहेत. पाहुणा आला की "तुम्ही तर महाराजांनी लुटलेल्या गावात राहता" हा विनोद करतोच. 1664 आणि 1670, दोन्ही लुटींची सालं आम्हाला पाहुण्यांमुळेच पाठ झाली.

आमच्यात बाईला नाव नसतं, गाव असतं. नंदुरबारवाली, शिरपूरवाली, अमळनेरवाली, धरणगाववाली, पाचोरावाली. आधार कार्डावर काय लिहिलंय ते गॅसवाला जाणे. मैत्रीण मेली तरी तिचं माहेर आमच्या तोंडी जिवंत राहील. मला मात्र सगळ्या जणी "मास्तरीण" म्हणतात, कारण मी एका खाजगी क्लासात मुलांना गणित शिकवायचे. त्यामुळे भिशीचा हिशेब कायम माझ्या गळ्यात आणि कुणाचं कुणाशी का बिनसलं याची टाचणं आपोआप माझ्याकडे.

मैत्री जमली ती धाग्यावर. शब्दशः. लग्न होऊन आम्ही आलो तेव्हा नवरे संचाखात्यात, म्हणजे यंत्रमागावर, किंवा मिलमध्ये बारा-बारा तासांच्या पाळीत, सासवा गावी, आणि घर म्हणजे पत्र्याखालची एक खोली. दुपारी टेम्पोतून साड्यांची पोटली यायची. मशीनवर भरतकाम झालेल्या साडीच्या मागच्या बाजूला जे सुटे धागे लोंबतात ते कात्रीने कापायचे, त्याला धागा कटिंग म्हणतात. नाहीतर गमाने टिकल्या आणि खडे चिकटवायचे. ओट्यावर बैठक, मांडीवर साडी, साडीवर मान, आणि मानेबरोबर तोंडही चालू. एकेका साडीत एकेक सासू निघायची. बाजारात तुम्ही जी साडी हौसेने नेसता तिच्या उलट्या बाजूला आमच्या घराण्यांची इतकी बदनामी चिकटलेली आहे की धुवायला काढली तरी जायची नाही.

पहिला दगा त्याच ओट्यावर झाला. काम आणणारा माणूस एक दिवस माल घेऊन आला तो आमच्या दारासमोरून सरळ पुढे गेला आणि कोपऱ्यावरच्या खोलीत उतरला. धरणगाववालीने त्याला साडीमागे चार आणे कमीने करून देते म्हणून आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. आदल्या दुपारी हीच बाई आमच्यात बसून "दर वाढवून मागू, सगळ्या जणी मिळून मागू" म्हणत होती. चार आण्यांचा दगा! आता हसू येतं, पण तेव्हा आमच्यातल्या दोघी रडल्या. तिच्या नवऱ्याचं खातं बंद पडलं होतं आणि ती कुणाला सांगत नव्हती, हे नंतर कळलं. कळल्यावर तिला माफ केलं का? छे. माफ केलं असतं तर बोलायला काय उरलं असतं? तिच्या मुलीच्या हळदीत सगळ्यात आधी आम्हीच जाऊन पापड लाटले, आणि लाटता लाटता "चार आणे" हा शब्द तिला ऐकू जाईल इतपत आवाजात चारदा उच्चारला. ती हसली. एवढी जुनी मैत्रीण असल्याशिवाय माणूस अशा वेळी हसत नाही.

आता मुख्य गोष्ट, सेट.

सुरतेच्या रिंगरोडवरच्या मार्केटांत ज्यांनी पाय ठेवला नाही त्यांना वाटतं, सुरत म्हणजे साड्यांचं माहेर, आत गेलं की मनासारखी साडी घ्यायची आणि बाहेर यायचं. तसं नाही. मिलेनियम म्हणा, राधाकृष्ण म्हणा, हजारो दुकानं एकावर एक रचलेली. जिन्यात डोक्यावर पोटलं घेतलेला माणूस "साईड, साईड" ओरडत अंगावर येतो. तुम्ही भिंतीला चिकटता, तुमच्या पुढ्यातून हैदराबाद, पाटणा, इंदूर असे पत्ते लिहिलेले गठ्ठे जातात, आणि मग कुठल्याशा चौथ्या मजल्यावर गादीवर बसलेला शेठ मान न उचलता म्हणतो, "बेन, सिंगल नहीं मिलेगा." एकाच डिझाइनचे सहा किंवा आठ रंग, त्याला तिथे मॅचिंग म्हणतात, आणि घ्यायचं तर सगळं मॅचिंग घ्या. पूर्ण सेट. सुट्या साड्या मिळणारं बॉम्बे मार्केट आहे, चौटा बाजार आहे, पण तिथे सुट्याचा भाव. सुरतेत राहून सुट्या भावाने साडी घेणं म्हणजे नाक कापून घेणं.

तेव्हा काय करायचं? आठ रंगांच्या सेटला आठ बायका लागतात. आमचा ग्रुप आठ जणींचाच का आहे, हे लोक विचारतात. त्यांना वाटतं जीवाभावाच्या आठच सापडल्या. जीव वगैरे ठीक आहे. मॅचिंग आठाचं होतं.

बरं, आठही रंग चांगले असते तर ही भाग्यवान कथा इथेच संपली असती. पण सेट लावणारा माणूस मोठा मुरब्बी असतो. रानी, रामा, मोरपिच्छ, वाईन हे चार रंग माल खपवतात. गाजरी आणि फिरोजी चालून जातात. एक पिस्ता असतो, तो आठही जणींना हवा असतो. आणि आठवा एक रंग असतो त्याला नावच नसतं. शेठ त्याला कधी "चिकू" म्हणतो, कधी "बिस्कूट", एकदा तर "इंग्लिश कलर" म्हणाला. पावसाळ्यात पायपुसणं वाळलं नाही की जो रंग येतो, तो. तो रंग कुणाच्या तरी वाट्याला येणारच, आणि ज्या दिवशी तो येतो त्या दिवशी वीस वर्षांची मैत्री म्हणजे काय ते समजतं.

म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकतो. पाचोरावालीच्या घरी स्टीलच्या डब्यात आठ चिठ्ठ्या, डबा हलवायचा, एकेकीने हात घालायचा. कित्येक सेट सुरळीत गेले. मग आमच्या लक्षात आलं की नंदुरबारवालीला पिस्ता फारच वेळा मिळतो. नशीब म्हणावं तर तिच्या नवऱ्याकडे पाहून तसं वाटत नाही. अमळनेरवालीने एकदा चिठ्ठ्या उघडून झाल्यावर त्या सगळ्या गोळा केल्या, चष्मा लावला आणि खिडकीशी नेऊन पाहिल्या. पिस्त्याच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं होतं. इतकंसं. चिठ्ठ्या लिहायचं काम कुणाकडे? नंदुरबारवालीकडे, कारण अक्षर चांगलं.

त्या खोलीत जी शांतता पसरली ती मी तरी परत ऐकली नाही. नंदुरबारवाली म्हणाली, "वं माय, भाजी फोडणीला टाकून आली होती मी." शिरपूरवाली म्हणाली, "दरवेळी पिस्त्याच्याच चिठ्ठीपाशी कशी फोडणी पडते?" कानबाईच्या शपथा झाल्या. मुलांच्या शपथा होणार होत्या, त्या मी हिशेबनीस या नात्याने थांबवल्या. शेवटी नंदुरबारवालीने पिस्ता साडी जमिनीवर टाकली, म्हणाली घ्या, आणि चप्पल न घालता घरी गेली. आठही जणींना हवी असलेली ती साडी. कोणी उचलली असेल? कोणीच नाही. चार दिवस ती पाचोरावालीच्या पलंगावर पडून होती, आणि पाचोरावालीच्या सांगण्याप्रमाणे तिला रात्री झोप लागत नव्हती. पाचव्या दिवशी तिने ती स्वतःच फॉल-पिकोला टाकली. तिच्या मते, वाद मिटावा म्हणून.

गौरी-गणपतीतला तो अबोला तो हाच.

या हेव्याबद्दल एक गोष्ट मी नीट पाहिली आहे. आम्हाला हेवा कुणाचाही वाटत नाही. त्याला योग्यता लागते. 2023 च्या डिसेंबरात खजोदला डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं, पंतप्रधान येऊन गेले, पेंटॅगॉनपेक्षाही मोठी कचेरी म्हणून जगभर फोटो झळकले. वेसूकडे ज्यांचे बंगले आहेत त्यांच्या बायकांच्या कानातली एकेक कुडी आमच्या सोसायटीच्या कर्जाएवढी. आमच्यातल्या एकीच्याही पोटात दुखलं नाही. पण त्याच महिन्यात शिरपूरवालीने स्वयंपाकघरात पाण्याचं मशीन बसवलं आणि आम्हाला न सांगता बसवलं, तर आम्हाला तिच्या घरचं पाणी कडू लागायला लागलं. हेवा हा पत्त्यावर येतो. जिच्यासोबत आपण एका ओट्यावर धागे कापले, तिच्याच दाराशी तो थांबतो. परकीचं सुख बातमी असते. मैत्रिणीचं सुख म्हणजे आपल्याला कोणीतरी मार्क कमी दिल्यासारखं वाटतं. क्लासात गणित शिकवताना मला हे मुलांमध्येही दिसायचं. पहिल्या आलेल्याचा राग कुणाला येत नसे, शेजारच्या बाकावरच्याला दोन मार्क जास्त पडले की रडारड.

साडीच्या किमतीचं प्रकरण तर आणखी नाजूक आहे. पुण्या-मुंबईच्या बायका साडीची किंमत चढवून सांगतात असं ऐकते. सुरतेत उलट. इथे जिची साडी स्वस्त ती शहाणी. "कितलानी शे वं?" असं कुणी विचारलं की साडेचारशेची साडी साडेतीनशेची होते, समोरची म्हणते, मला तीनशेला देत होता, मीच नाही घेतली. अशी घसरत घसरत एकदा एक साडी एकशे ऐंशीवर आली. त्यानंतर तिथे बसलेल्या शेठच्या माणसाने हात जोडले.

पण हीच साडी नवापूर ओलांडून गेली की तिची किंमत बदलते. वैशाखात गावी लग्नं असतात. सुरतवाली आली म्हणजे जावांना, नणंदांना, मावशांना साड्या आल्या. तिथे आम्ही घडी मोडताना सहज म्हणतो, "काही नाही हो, पंधराशेच्या आत-बाहेर." जाऊ हात फिरवून पाहते, तिचा विश्वास बसतो, सुरतवालीचा मान चार घरांत वाढतो. खोटं बोलतो म्हणा हवं तर. पण बारा तासांच्या पाळ्यांवर उभा केलेला संसार गावाला दाखवायचा कसा? खोलीचा फोटो काढून? साडीच दाखवणार.

म्हणून आमच्यात एक अलिखित करार आहे. गावी गेल्यावर एकीने दुसरीच्या साडीचा भाव फोडायचा नाही. हा करार टिळक-गोखल्यांनी केला असता तर सुरतेचं अधिवेशन नीट पार पडलं असतं. आणि आमच्यातल्या एकीने तो मोडला. अमळनेरच्या एका लग्नात, मांडवात, जेवणाच्या पंगतीत. शिरपूरवालीने तिच्या थोरल्या जावेला दिलेली साडी. जाऊ ती नेसून मिरवत होती. तेवढ्यात आमची धरणगाववाली तिच्या कुठल्याशा नात्याने त्याच लग्नाला आलेली. तिने जावेकडे पाहिलं आणि कौतुकाने, अगदी कौतुकाने म्हणाली, "हाच तो बिस्कूट कलर ना? बरं झालं, खपला एकदाचा. सव्वातीनशे फुकट गेले नाहीत."

एका दमात तीन खून. किंमत गेली, पसंती गेली, आणि नको असलेला रंग जावेच्या गळ्यात मारला हेही गेलं. जावेने पंगतीतच शिरपूरवालीकडे पाहिलं. त्या नजरेने वरणाची धार हवेतच थांबली असं प्रत्यक्षदर्शी सांगतात. धरणगाववाली आजही म्हणते, "माझ्या मनात काहीच नव्हतं." शिरपूरवालीचं म्हणणं, चार आण्यांवरून पापड लाटताना आपण जे बोललो होतो त्याचा हा हिशेब, व्याजासकट. मला दोन्ही पटतं. मैत्रिणीचा वार असाच असतो: करणारीलासुद्धा तो वार होता की आपुलकी, हे नक्की सांगता येत नाही.

बस्त्याचं तर विचारूच नका. खान्देशातून लग्नाचा बस्ता बांधायला माणसं सुरतेला येतात. जिच्याकडे उतरतात ती त्यांना मार्केटात घेऊन जाते, ओळखीच्या दुकानात बसवते, चहा-लोचो होतो, पन्नास-साठ साड्या निघतात. शेठ जाताना "भाभी, ये आपके लिए" म्हणून एक साडी वेगळी काढून देतो, किंवा पाकीट. त्याला दलाली म्हणायचं नाही. मान म्हणायचं. तर पाचोरावालीच्या सख्ख्या मावसबहिणीचा बस्ता नंदुरबारवालीने पळवला. पाहुणे पाचोरावालीकडे उतरले, सकाळी पाचोरावाली पूजेला बसली, तेवढ्यात नंदुरबारवाली ख्यालीखुशाली विचारायला आली, "ही बसली आहे तोवर दोन दुकानं नुसती बघून येऊ" म्हणाली, आणि दुपारी चारला मंडळी टेम्पोसकट परतली. बस्ता पूर्ण. पाचोरावाली नैवेद्याच्या ताटाशी उभी. पिस्ता साडी जिने पचवली तिचा बस्ता गेला, असा न्याय आमच्यापैकी काहींनी लावला. मी लावला नाही. मला त्या दिवशी भिशीचे पैसे दोघींकडून घ्यायचे होते.

आता मोबाईल आल्यापासून धंदा घरात आला आहे. आमच्यातल्या तिघी साड्यांचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून विकतात. सुरतेत डिझाइनची नक्कल हा काही गुन्हा मानत नाहीत. सकाळी एकाने काढलेली डिझाइन संध्याकाळी शेजारच्या गल्लीत स्वस्त कापडावर उतरलेली असते, आणि दोघे शेठ रात्री एकत्र जेवतात. मग बायकांनी तेवढी नीतिमत्ता का पाळावी? अमळनेरवाली दिवसभर उन्हात गॅलरीत उभी राहून साड्यांचे फोटो काढते. एक दिवस तिच्या पुण्याच्या भाचीने तिलाच एक फोटो पाठवला, "मावशी, ही बघ, एक जण तुझ्यापेक्षा पन्नासने स्वस्त देतेय." फोटोत साडी होती, आणि साडीचा काठ धरलेला एक अंगठा होता. अंगठ्याच्या नखावरचं लाल पॉलिश डाव्या बाजूने उडालेलं. अमळनेरवालीने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. डाव्या बाजूने उडालेलं. शिरपूरवालीने तिचा फोटो कापून आपला नंबर टाकला होता, पण अंगठा कापायला विसरली होती.

दगा पचला असता. पण शिरपूरवाली वर म्हणाली, "तुझा अंगठा आहे म्हणून तर साडी खपली." आता यावर भांडावं की फुगावं, हे अमळनेरवालीला ठरवता येईना. तेव्हापासून ती नेलपॉलिश न चुकता लावते.

या सगळ्याला काही वाट असायला हवी, असं मला फार वाटतं. साताऱ्याकडे ती आहे. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत, मधे ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि वाजंत्रीच्या तालात, हातवारे करकरून, एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. एका पाटलाच्या दोन बायका, एक या गावात, एक त्या. ओढ्यावर धुणं धुताना त्यांचं भांडण जुंपलं, तिथून ही प्रथा आली अशी आख्यायिका. बघायला लांबून माणसं येतात, पोलीस बंदोबस्त असतो, तास-दोन तास तोंड मोकळं होतं आणि बायका घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. इतकी स्वच्छ सोय आमच्या शहरात नाही. सुरत महापालिकेला स्वच्छतेची बक्षिसं मिळतात. मनातला कचरा उचलायची गाडी मात्र अजून आलेली नाही. लिंबायतला मिठीखाडी आहे. दोन काठ आहेत. फक्त तारीख ठरवायची आहे. पोलिसांची गरज पडणार नाही, मी हिशेब ठेवेन.

तोवर आमचं काम कानबाईवर चालतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिला वाजतगाजत पाण्यावर नेतात. वाटेत बायका फुगड्या घालतात. पिस्त्याच्या अबोल्यानंतर पुढच्या श्रावणात असंच झालं. तसा संक्रांतीला सेटपुरता अबोला सुटला होता, पण नंदुरबारवाली पाचोरावालीशी फक्त रंगापुरतं बोलायची. मिरवणुकीत ढोल तापला आणि फुगडीला जोड्या जुळल्या. आठ जणींच्या चार. सहा जणी आपसात भराभर अडकल्या आणि या दोघी समोरासमोर उरल्या. आम्ही मुद्दाम केलं म्हणतात; सिद्ध करून दाखवा. पाचोरावालीने तीच पिस्ता साडी नेसलेली. नंदुरबारवालीने एकदा साडीकडे पाहिलं, एकदा ढोलवाल्याकडे, आणि हात पुढे केले. दोघींची वजनं आता अशी आहेत की एकीने हात सोडला तर दुसरी थेट रेल्वेलाइनवर. कोणी सोडला नाही. फिरता फिरता नंदुरबारवाली ओरडून काय म्हणाली, ते ढोलातही मला ऐकू आलं, "निऱ्या वाईट बसल्या वं तुझ्या. तुला हा रंग उठत नाही."

पाचोरावालीने ती साडी दुसऱ्या दिवशी धुवून, इस्त्री करून तिच्याकडे पाठवून दिली. नंदुरबारवालीने परत पाठवली, नेसलेली साडी मी कशाला घेऊ म्हणून. सध्या ती माझ्याकडे आहे, भिशीच्या वहीच्या खाली. दोघींपैकी कुणीही विचारलेलं नाही, आणि मीही विषय काढत नाही, कारण पिस्ता मलाही बरा दिसतो असं माझी मुलगी म्हणते.

दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होईल. बस्त्यासाठी सुरतेला येणार असाल तर एवढं करा: जिच्याकडे उतराल तिच्याच ओळखीच्या दुकानात जा, ती पूजेला बसली असेल तर पूजा होईपर्यंत थांबा, आणि कोणी शेजारीण "नुसती बघून येऊ" म्हणाली तर पायात चप्पल घालू नका. साड्यांचा भाव गावी गेल्यावर कुणालाही सांगू नका. आणि तुम्हाला सेटमधला फक्त पिस्ता हवा असेल, तर कृपा करून आमच्यापैकी कुणालाही फोन करू नका.